श्रेणिकचं एक वाक्य

मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटली की साडेपाचला
आम्ही गणपती पेठेमागच्या हॉलचं कुलूप काढतो.
किल्ली अलफियाकडे, झाडू माझ्याकडे,
रेवणकडे नुसता आवाज :
"ए, चपला रांगेत!"
मग बत्तीस चपला भिंतीला टेकतात.
दोन जोड कायम उलट्या पायांतून आलेले.

आम्ही दहावीतले.
बाबा म्हणतात, प्रिलिम तोंडावर आलीय
आणि तुला तिथं मिळतं काय?
मिळतं की. पुडीभर भडंग,
तेही निम्मं बेडकांनी फस्त केलेलं.
बेडूक सात आहेत. सातवा मधेच ससा होतो.
त्याला आता आम्ही काही म्हणत नाही.

भिंतीवर पुराची रेघ आहे,
दोनदा रंग दिला तरी खालून वर येते.
पोरं तिला पाठ लावून उंची मोजतात.
टाचा उचलायच्या नाहीत, असा नियम त्यांनीच केलाय
आणि सगळे टाचा उचलतात.

नाटकात एक नाव आहे, पुठ्ठ्याची.
पाणी चढायच्या आत सगळे प्राणी पलीकडे जातात.
साळिंदर शेवटी. साळिंदर म्हणजे श्रेणिक, दुसरी ब,
पाठीवर झाडूच्या काड्या, तोंडात शर्टाचं बटण.
त्याला एकच वाक्य :
"थांबा! मीपण येतो!"

दीड महिना आम्ही ते वाक्य वाढवत होतो,
नळाला म्हण, जिन्याला म्हण,
बंद पडलेल्या पंख्याला म्हण.
मी म्हटलं, समज तुझी एस्टी सुटतीय.
तो बराच वेळ विचार करून म्हणाला,
"पण ताई, एस्टी थांबत नाही."

रविवारी हॉल भरला.
पुढच्या रांगेत मोबाईल वर झालेले,
मार्केट यार्डातनं तसेच आलेले कुणाचे तरी काका,
शर्टाच्या बाहीला अजून हळद.
मी उजव्या विंगेत, मांडीवर वही, हातात टॉर्च.
बेडूक चढले. हरीण चढलं. नाव हलली.

आणि श्रेणिक गप्प.

एक. दोन. तीन.
मी कुजबुजले, "थांबा."
चार. पाच.
"श्रेणिक, थांबा, मीपण..."
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
देवळात कुणी मोठ्यानं बोललं की बघतात, तसं.
मग मान वळवली, पलीकडच्या विंगेकडे.

तिथं पायरीवर गौतमी, आमचं कासव.
इलॅस्टिक तुटून कवच गुडघ्यावर आलेलं,
दोन्ही हातांनी ते धरलेलं, आणि हनुवटी थरथरतीय.
अलफिया पडद्यामागून सेफ्टी पिना घेऊन रांगत चाललेली.
ते मला दिसलंच नव्हतं.
मी वहीत बघत होते.

मग त्याचा आवाज आला.
नळाला, जिन्याला, पंख्याला कधी न लावलेला :
"थांबा! ती पण येतीया!"

नाव थांबली. बेडूक एकमेकांवर आपटले,
सातवा ससा झाला.
लोक हसले, त्यांना वाटलं असंच आहे.
कासव आलं, सावकाश, तीन पिनांवर.
साळिंदर तिच्या मागून चढलं, एक अक्षर न बोलता.
शेवटच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली
आणि रेवणनं पडदा जरा लवकरच ओढला.

वहीतलं वाक्य मी खोडलेलं नाही.
त्याच्याखाली पेन्सिलीनं दुसरं लिहून ठेवलंय,
येतेय असं नाही, येतीया असंच.
पुढच्या वर्षी वही ज्याच्या मांडीवर असेल
त्यानं काय ते ठरवावं.

रात्री झाडताना पायरीपाशी एक बटण सापडलं,
कडेनं बारीक दात उमटलेलं.
श्रेणिक तोवर आईच्या स्कूटरवर पुढं उभा राहून
पुलापर्यंत पोचलाही असेल.
काड्या पाठीवर तशाच.

बटण माझ्या कंपासपेटीत आहे.
भूमितीच्या पेपरला कर्कटक काढताना
ते खडखडलं.
पर्यवेक्षकांनी वर पाहिलं.